वादळात उडालेलं छप्पर पुन्हा घालायचंय: कौलं की पत्रा?

सुपारीबाग | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मधे माजघर, पुढे ओटी आणि पडवी, मागच्या पडवीत स्वयंपाकघर. आजोबांनी बांधलेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घरात आई, बाबा आणि काकू होते. मी लॉकडाउनमुळे पनवेलला अडकलो होतो. दुपारी फोन बंद पडले आणि बाबांचा आवाज ऐकला तो थेट पाचव्या दिवशी, तोही कुणीतरी रेंज मिळेल तिथवर गाडीवरून घेऊन गेलं म्हणून.

बाबा सांगतात, आधी एका अंगाने वारा होता. पुढच्या पडवीला आम्ही २०१५ मध्ये लोखंडी पाइपांवर पत्रे घातले होते. ते पाइपासकट उचलले गेले आणि शेजारच्या वाडीत सुपारींवर जाऊन पडले. मग एकाएकी सगळं शांत झालं. बाबांना वाटलं संपलं, म्हणून कौलं बघायला ते अंगणात उतरले. काकूने ओरडून आत घेतलं आणि पाठोपाठ वारा उलट्या बाजूने सुरू झाला. तिघंही माजघरात धान्याच्या कोठीला टेकून बसून होते. आढ्याजवळची (छपराच्या माथ्याची) आणि वळचणीची (खालच्या कडेची) मिळून चारशेच्या आसपास कौलं गेली. वासे, आढं आणि कौलं ज्यांवर अडकतात त्या रिपा मात्र जागेवर.

पुढे पावसाळा तोंडावर, कौलं मिळेनात, गडी मिळेनात. तेव्हा मिळाले ते पत्रे सगळ्या घरावर ठोकून घेतले. आता स्क्रूभोवती गंज धरलाय, तीन ठिकाणी गळतं, मे महिन्यात माजघरात बसवत नाही. बाबा ७४ वर्षांचे आहेत. या पावसाआधी छप्पर नीट करायचं ठरवलंय. मधल्या घराचं पाखं (छपराचा उतार) धरून साधारण ९०० चौरस फूट, पडव्या वेगळ्या.

बाबांना कौलं हवीत. धाकटा भाऊ म्हणतो पत्राच चांगल्यातला घाल. मला खरं तर एवढंच कळून घ्यायचंय, की पुन्हा तसं वादळ आलं तर काय टिकेल?

---

हर्णैची लेक | ९ फेब्रुवारी

दादा, वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडेही हेच. माझ्या आईने तिसऱ्या दिवशी फोनवर पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "घर आहे, पण माजघरातून आभाळ दिसतंय." वीज यायला कितीतरी आठवडे गेले. अंगणात फुटक्या कौलांचा तांबडा ढीग होता आणि आई त्यातून धड कौलं वेगळी काढत बसली होती, कारण धड कौल म्हणजे तेव्हा सोनं.

आम्ही कौलंच घातली पुन्हा. पण टिकण्याचं म्हणाल तर जाणकारांचं ऐकायला मलाही आवडेल.

---

पाखाडी | १० फेब्रुवारी

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, आता रत्नागिरीत असतो. निसर्ग आणि नंतर तौक्ते, दोन्ही वादळांनंतर ओळखीच्यांची बरीच घरं पाहिली. जरा सविस्तर लिहितो.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की वारा छप्पर ढकलतो किंवा दाबतो. वादळी वारा छप्पर उचलतो. पाख्यावरून वेगाने जाताना तो वरून ओढ लावतो, आणि त्याच वेळी दारातून, वळचणीखालून आत शिरलेला वारा खालून रेटतो. तुमची पडवी तीन बाजूंनी उघडी. भर वाऱ्यात छत्री उलटते ना, तसंच तिचं झालं.

थोडा हिशेब करू. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. एवढ्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला ६८ किलोच्या आसपास भरतो. पाख्याच्या मधल्या भागात ओढ यापेक्षा कमी असते, कडेला आणि कोपऱ्यात जास्त. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला साधारण १५ लागतात. म्हणजे कौलारू छपराचं नुसत्या कौलांचं वजन ३५ ते ४० किलो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन त्याच जागेत चार-पाच किलो. पत्रा स्वतःच्या वजनावर टिकतच नाही, त्याला फक्त स्क्रू धरून ठेवतो. आणि हे १२० चं झालं. इमारतींच्या वाऱ्याच्या भारासाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वेग सव्वा पट झाला की जोर दीडपटीच्याही वर जातो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो.

आता तुमच्या घराचंच बघा. कौलं गेली ती कुठली? आढ्याजवळची आणि वळचणीची. बरोबर त्याच जागा जिथे ओढ सगळ्यात जास्त. मधली राहिली. कौलांमध्ये फटी असतात, आतली हवा त्यातून निसटते. चारशे कौलं सुटी सुटी उडाली, वाट मिळाल्यावर आतला रेटा उतरला आणि लाकूडसामान वाचलं. पत्रा मात्र अखंड असतो. जाताना एकटा जात नाही, पाइपही घेऊन जातो.

यावरून कुणी म्हणेल कौलंच बरी. मी तसं म्हणणार नाही. छपराची एक साखळी असते: कौल किंवा पत्रा रिपेला धरलेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या पाटाला (भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला), पाट भिंतीला, भिंत जोत्याला. वारा वरून ओढायला लागला की यातला सगळ्यात कच्चा सांधा सुटतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत वासा पाटावर नुसता टेकलेला असतो, फार तर एक खिळा मारलेला. आजोबांच्या काळी कौलांच्या वजनावर भागत होतं. त्या जुन्या वाशांवर हलका पत्रा चढवला की वजन गेलं आणि बांधणी तर नव्हतीच. २०२० नंतर घाईघाईत पत्रे घातलेली हजारो घरं आज अशी उभी आहेत, माझ्या डोक्यातून ते जात नाही.

तेव्हा आधी सांधे बघा. वर काय घालायचं ते नंतर.

---

देवगडकर | १० फेब्रुवारी

पाखाडीकाका, उत्तम लिहिलंत. पण पत्र्याची बाजूही मांडतो.

आमच्या घरावर कौलं होती. दर वैशाखात शाकारणी: सगळी कौलं उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी बदलायची, पुन्हा चढवायची. पूर्वी चार गडी दोन दिवसांत करून जात. आता एक गडी यायला पंधरा दिवस फोन करावे लागतात. त्यात माकडं. सकाळी टोळी आली की आढ्यावरून धावते, दहा-बारा कौलं सरकतात, दोन फुटतात. "माकडां इली रे" असं म्हणत आई काठी घेऊन धावायची, वय ८०. फुटलेलं कौल वेळेत बदललं नाही तर तिथून पाणी रिपेत, रिपेतून वाशात.

१६ मे २०२१ ला तौक्ते आमच्या किनाऱ्यावरून पुढे गुजरातकडे गेलं. ते इथे जमिनीवर आलंही नाही, नुसतं समुद्रातून गेलं, तरी निम्म्या वाडीची कौलं खाली. त्यानंतर आम्ही पत्रा घातला, पण घाईत नाही. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा ओतून, नव्या लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) करून. त्यानंतरचे पावसाळे गेले, एक थेंब नाही. गरम होतं, मान्य. पावसाचा आवाज होतो, टीव्ही ऐकू येत नाही. पण आई काठी घेऊन धावत नाही, माझ्यासाठी ते मोठं आहे.

---

रंधा | ११ फेब्रुवारी

आमचा धंदाच हा. वडील सुतार, मी आणि भाऊ आता लाकूड-लोखंड दोन्हीची छपरं करतो, दापोली-मंडणगड भागात.

सुपारीबागदादा, आधी वाशांची टोकं बघा. मागच्या वर्षी केळशीजवळ एक घर उघडलं. किंजळीच्या लाकडाचे वासे, मालक म्हणाले शंभर वर्षांचे आहेत, वाजवून बघा. वाजवले, ठणठणीत. मग भिंतीवर टेकलेल्या टोकाजवळची माती काढली आणि पटाशी टोचली, तर पटाशी मुठीपर्यंत आत. बोटांनी चुरलं तर कॉफीची पूड असावी तसं लाकूड हातात आलं. २२ वाशांपैकी ९ असे होते. वरून एकही ओळखू आला नसता. वळचणीचं पाणी भिंतीच्या डोक्यावर उतरतं, तिथे ओल राहते, वाळवीला तीच जागा आवडते. तेव्हा पटाशी किंवा जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक वाशाचं टोक, आढ्याचा सांधा, कोपऱ्यातला वासा, सगळीकडे टोचून बघा. बदलायचा वासा आधी बदला.

पत्र्याबद्दल, गंज स्क्रूभोवतीच का धरला ते सांगतो. माझा अंदाज, पत्रे तुमच्या घरावरच ग्राइंडरने कापले असणार. ग्राइंडरच्या ठिणग्या पत्र्यावर जिथे पडतात तिथला लेप जळतो, आणि लोखंडाचा बारीक कीस चिकटून राहतो. पहिल्या पावसात तो कीस गंजतो आणि खालचा पत्रा खातो. भोक पाडल्यावरचा कीसही तसाच. पत्रा कातरीने कापायचा, आणि काम संपलं की संध्याकाळी मऊ झाडूने पूर्ण छप्पर झाडून घ्यायचं. हे कुणी करत नाही, कारण अर्धा तास जातो.

दुसरं, स्क्रूखालचा रबराचा वॉशर. हलक्यातला रबर दोन उन्हाळ्यांत चिरतो. ईपीडीएम रबराचाच घ्या. आवळताना वॉशर किंचित फुगेल एवढंच. चेपून बाहेर आला तर फाटणार, सैल राहिला तर गळणार. घाईच्या कामात मशीन पूर्ण जोरात लावतात आणि सगळे वॉशर कापले जातात.

समुद्राजवळ साधा जस्ताचा पत्रा नको. ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला घ्या, चौरस मीटरला १५० ग्रॅम लेपाचा, वरून रंग. आणि आढ्याला सिमेंटचा ओला गिलावा पत्र्यावर टाकू देऊ नका, त्या लेपाला सिमेंट आणि चुना चालत नाही, तिथून तो खराब होतो.

---

पाखाडी | ११ फेब्रुवारी

रंधा यांनी जे लिहिलंय ते कुठल्याच पुस्तकात एवढं नीट मिळणार नाही. एक भर घालतो. पत्र्याला आकड्याच्या जे-बोल्टने धरायची आपली जुनी पद्धत आहे. वादळाच्या ओढीत तो आकडा सरळ होऊन निसटतो. पडलेल्या छपरांत मी असे सरळ झालेले आकडे पाहिलेत. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी नट लागणारा यू-बोल्ट किंवा चांगले स्क्रू. कडेच्या तीन-चार फुटांत, म्हणजे वळचण, आढं आणि दोन्ही टोकं, तिथे पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर एक स्क्रू. मधे एक सोडून एक चालेल. कडेला पत्र्याखालच्या पट्ट्याही जवळ जवळ घ्या.

---

मोगरा ऑर्लँडो | १२ फेब्रुवारी

माहेर मुरुडचं, आता फ्लोरिडात राहते. इथे १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातली घरंच्या घरं उघडी केली. त्यानंतर बांधकामाचे नियम बदलत गेले आणि २००२ पासून पूर्ण राज्याला एकच नियमावली लागू झाली. आमच्या घराच्या पोटमाळ्यावर चढलं की दिसतं: प्रत्येक वासा जिथे भिंतीला टेकतो तिथे वाशावरून वळवलेली जस्त चढवलेली पट्टी, दोन्हीकडे ठराविक खिळे. घर विकत घेताना विम्याचा माणूस येऊन त्या पट्ट्यांचे फोटो काढून गेला, त्यावर हप्ता कमी होतो.

पट्टी अगदी साधी गोष्ट आहे. मुरुडच्या घरी आम्ही स्थानिक लोहाराकडून तशाच करून घेतल्या आणि बोल्टने बसवल्या.

---

हर्णैची लेक | १२ फेब्रुवारी

ताई, हे खूप उपयोगी. पट्टी साधारण किती जाड?

---

मोगरा ऑर्लँडो | १३ फेब्रुवारी

आमच्या लोहाराने तीन मिलिमीटर जाड, इंचभर रुंद घेतली. भोकं आधी पाडली आणि मग गॅल्व्हनाइज करून आणली. उलटं केलं तर भोकाच्या कडा गंजतात, असं त्याचंच म्हणणं.

---

माजघर | १४ फेब्रुवारी

बांधकामातलं मला कळत नाही, पण कागदांचं लिहिते, कारण त्यात आम्ही पोळलो.

आमचं घर सामाईक. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या नोंदीवर) अजून चुलत आजोबांचं नाव. वादळानंतर पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक आले. राज्य सरकारने तेव्हा पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाख केली होती, अंशतः पडलेल्यांना त्याहून बरीच कमी. आमचं घर कुठल्या रकान्यात बसतं यावर चर्चा झाली, कारण भिंती उभ्या होत्या. मग पैसे कुणाच्या खात्यात जायचे? घरात राहते माझी सासू. नाव ज्यांचं ते हयात नाहीत. वारस मुंबई, बडोदा आणि एक दुबईला. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करायला जे दिवस गेले त्यात सासूबाई ताडपत्रीखाली राहिल्या. कुणी वाईट वागलं नाही, भांडणही नव्हतं. फक्त नाव लावायचं राहून गेलं होतं, वीस वर्षं.

कृपा करून ज्यांची घरं अशी आहेत त्यांनी या उन्हाळ्यात गावी गेल्यावर नाव बघून घ्या.

आणि फोटो. घर धड असताना काढलेले फोटो कुणाकडेच नसतात. चारही बाजूंनी, आतून छपराचे, वर्षातून एकदा काढून ठेवा. पडल्यावर आवराआवर करायच्या आधीही काढा. आमच्या शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी अंगण स्वच्छ केलं. त्यांचा स्वभावच तसा, पण पंचनाम्याच्या वेळी दाखवायला काही उरलं नाही.

विमा आम्ही आता घेतलाय. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनी भारत गृह रक्षा नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी असा नियम आला, त्यात वादळ आणि पूर धरलेले असतात. अर्ज भरताना भिंत जांभ्याची, छप्पर कौलारू, हे जसं आहे तसं लिहा. पुढे वाद नको.

---

घाटमाथा | १५ फेब्रुवारी

सिमेंटचे पत्रे स्वस्त पडतात, गरमही कमी होतात. त्याबद्दल कुणीच बोललं नाही?

---

रंधा | १५ फेब्रुवारी

मी घालत नाही. दोन कारणं. एक, त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, कापताना आणि फुटताना जी धूळ उडते ती फुप्फुसाला घातक. वादळात हे पत्रे फुटतातच, आणि मग तुकडे गोळा करायला घरातली बायका-मुलं. दुसरं जास्त जवळचं आहे. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेत नाही आणि वरून बघून कळतही नाही. आमच्या ओळखीचा एक गडी वादळानंतर ताडपत्री टाकायला चढला, पाय दोन आधारांच्या मधे पडला आणि थेट खाली फरशीवर. वाचला, पण कंबर गेली. आता तो दुकानात बसतो.

वादळानंतर छपरावर चढायची जी घाई होते ना, त्याबद्दल हात जोडून सांगतो. ओल्या कौलावर पाय टिकत नाही. वर जायचंच असेल तर दोन वाशांवर आडवी फळी टाका, फळीवरून चाला, कमरेला दोर बांधून आढ्याच्या पलीकडे दुसऱ्या बाजूला अडकवा. आधी मेन स्विच बंद. ओल्या वाशांवरून गेलेली जुनी वायर दिसत नाही.

ताडपत्री टाकताना तिच्यावर दगड ठेवू नका, पुढच्या वाऱ्यात तेच दगड उडतात. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे न्यायची, नाहीतर पाणी वरच्या कडेतून आत शिरतं. कडा रिपेभोवती दोन वळसे गुंडाळायची आणि ती रीप वाशाला ठोकायची. नुसता कडांना खिळा मारला तर सकाळपर्यंत फाटते.

---

हर्णैची लेक | १६ फेब्रुवारी

गुंडाळून ठोकायचं हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर तीन ताडपत्र्या वाया गेल्या नसत्या.

एक सावधगिरी मीही सांगते. वादळानंतर आठवड्यातच दुसऱ्या जिल्ह्यातून काही लोक टेम्पो घेऊन आले. छप्पर चार दिवसांत करून देतो, निम्मे पैसे आधी. आमच्या आळीत पाच घरांनी दिले. दोन घरांचं काम झालं, तेही अर्धवट. तीन घरांचे पैसे गेले. माझी मावशी त्यातली एक, तिने पाटल्या मोडल्या होत्या. सामान आपण स्वतः दुकानातून आणावं, मजुरी काम होईल तशी द्यावी. गळतंय कुठे ते बघायला एक मोठी सर येऊन जाईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवावा.

---

सुपारीबाग | २ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. मागच्या शनिवारी-रविवारी गावी जाऊन आलो. बाबांबरोबर शिडी लावून प्रत्येक वाशाचं टोक टोचलं. बाबांना आधी आवडलं नाही, "माझ्या वडिलांनी निवडलेलं लाकूड आहे" म्हणाले. चौदाव्या वाशात पटाशी शिरली. काही बोलले नाहीत, खाली उतरले आणि खडू घेऊन आले. एकूण सहा वाशांवर फुली मारली, सगळे पश्चिमेकडच्या अंगाचे.

आता ठरलंय ते असं. भिंतीच्या डोक्यावर, जांभ्याचा शेवटचा थर काढून, सळ्या घालून सहा इंचांचा काँक्रीटचा पट्टा ओतायचा आणि त्यातच बोल्ट गाडायचे. पाट त्या बोल्टवर. प्रत्येक वाशाला पट्टी. मधल्या घरावर कौलं. पडवीचा प्रश्न राहतो. पाखाडीकाका, पडवी मूळ पाख्याला जोडून एकच लांब उतार घेऊ की वेगळी?

---

पाखाडी | २ मार्च

वेगळी. नक्की वेगळी. पडवी आधी जाणार हे धरून चाला. ती मूळ पाख्याला जोडलेली असली तर जाताना त्यालाही उसवत जाते. भिंतीलगत स्वतंत्र आधार द्या, खांब जोत्यात गाडलेल्या बोल्टवर घ्या. मूळ घराची वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. पावसासाठी तेवढी कमी वाटेल, त्याला पूर्वीसारखी नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधा पावसाळ्यापुरती. उतार २५ ते ३० अंश ठेवा, तुमचा बहुधा तेवढा असेलच. सपाट छपराला ओढ जास्त लागते. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींऐवजी चौपाखी (चारही बाजूंना उतार) करता आलं तर फारच उत्तम, पण त्याचा खर्च आणि लाकूड दोन्ही वाढेल, तेव्हा आग्रह नाही.

---

देवगडकर | ३ मार्च

कौलं घालताय तर माझ्या मावसभावाने केलंय ते सांगतो. खाली पातळ रंगीत पत्रा, त्यावर रिपा, त्यावर कौलं. माकडांनी कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, शाकारणीची घाई राहत नाही, घरही गार. मात्र पत्र्याच्या उतारावर आडव्या रिपा ठोकल्या तर पाणी आणि पाला रिपेपाशी अडतो. त्याने आधी उभ्या पट्ट्या मारल्या, त्यावर आडव्या रिपा, म्हणजे खालून पाणी वाहायला मोकळी वाट.

---

रंधा | ३ मार्च

बरोबर. आणि तो पत्राही पूर्ण ताकदीने बांधायचा, वर कौलं आहेत म्हणून दोन स्क्रूंवर सोडायचा नाही.

कौलांसाठी: ९०० फुटांना १,३०० च्या आसपास लागतील, फुटीसाठी दोनशे जास्त घ्या. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळची एक आणि दोन्ही टोकांच्या दोन-दोन रांगा तारेने रिपेला बांधा. मंगलोरी कौलाच्या मागच्या अंगाला रिपेवर अडकायला पुढे आलेला भाग असतो, काहींना त्यात तारेसाठी भोक असतं. मागताना भोकाचीच मागा. तार स्टेनलेसची. साधी बांधणीची तार खाऱ्या हवेत दोन वर्षांत तुटते. कोने (आढ्यावरची कौलं) गिलाव्यात बसवताना चुना-सिमेंट मिसळून घ्या, नुसत्या सिमेंटला उन्हाने चिरा जातात.

---

सुपारीबाग | २४ मे

काम परवा संपलं. लिहायला उशीर झाला, कारण शेवटचे बारा दिवस मी रजा टाकून तिथेच होतो.

देवगडकर यांनी सांगितलं तसंच केलं: पत्रा, उभ्या पट्ट्या, रिपा, कौलं. जुनी वाचलेली सहाशे कौलं आईने २०२० पासून गोठ्यात जपून ठेवली होती. मला माहीतच नव्हतं. ती नारळाच्या सोडणाने घासून काढली आणि पुढच्या पाख्यावर चढवली, नवीन मागे. ऊन पडलं की रंगातला फरक दिसतो, पुढचं पाखं काळपट आणि मागचं भगवं.

पट्ट्या बसवताना बाबा प्रत्येक बोल्टपाशी उभे. ४८ वाशांना ४८ पट्ट्या. एका पट्टीचा नट गवंड्याने हाताने फिरवून सोडला होता, तो त्यांनी पकडला. माजघराच्या मध्यावर एक काचेचं कौल घातलंय, जुनं होतं त्याच जागी.

पडवी वेगळी केली. रंधादादा, तुमचा नंबर मागितला असता, पण मंडणगडहून यायला तुम्हाला लांब पडलं असतं. इथल्या सुतारांना तुमचा प्रतिसाद छापून दिला होता. त्यांनी पत्रे कातरीने कापले.

---

सुपारीबाग | १९ जून

परवा रात्रभर कोसळला. आई म्हणाली, पाच वर्षांत पहिल्यांदा भांडी मांडावी लागली नाहीत. फक्त स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथे पडवीचा पत्रा भिंतीला भिडतो, तिथे ओघळ दिसतोय. तिथे कोन्याचं कौल नाही, नुसता पत्रा आणि जांभ्याची भिंत. काय करावं?

---

रंधा | १९ जून

वरून सिमेंट लावून घेऊ नका, ते सुटणार. भिंतीत दगडाच्या सांध्यात बोटभर खाच मारा, त्यात वाकवलेल्या पत्र्याची पट्टी बसवा, ती पडवीच्या पत्र्यावर सहा इंच यायला हवी. खाच वरून सीलंटने बंद. आता पाऊस उघडला की दोन दिवस भिंत वाळू द्या आणि मगच. तोवर ओघळाखाली बादली चालेल.

---

हर्णैची लेक | २० जून

दादा, खूप बरं वाटलं वाचून. उरलेली कौलं किती? आणि ठेवलीत कशी? आमची आडवी रचली होती, खालची सगळी तडकली.

---

सुपारीबाग | २० जून

दोनशे दहा. बाबांनी गोठ्यात भिंतीला टेकवून उभी रचलीत, खाली सुपारीच्या फळ्या टाकून. पहिल्या कौलावर खडूने तारीख घातलीय.